खिशात एक, म्यानात एक: कोणते चाकू ठेवाल, आणि का?

कोरा_कागद:

नमस्कार मंडळी. चाकूंतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजवर घरातली हाताला लागेल ती सुरी आणि खणात पडलेला एक कटर, एवढ्यावर भागलं. पण वर्षभरापासून लाकूड तासायचा नाद लागलाय (चमचे, खुंट्या, एक फसलेला पक्षी), सुट्टीत डोंगरात भटकायलाही जातो. तेव्हा दोन बऱ्या वस्तू घ्याव्यात म्हणतोय. एक मिटून खिशात जाणारा, दुसरा म्यानातला, न मिटणारा.

तीन आठवडे वाचून डोक्याचा पार भुगा झालाय. एस३०व्ही, डी२, व्हीजी१०, मॅग्नाकट. ही पोलादं आहेत की लढाऊ विमानं? एकजण सांगतो, अमुक पोलाद नसेल तर हातच लावू नका. दुसऱ्याला खटका (उघडलेलं पातं अडकवून धरतो तो) असाच हवा नि तसाच हवा. तिसऱ्याच्या मते पाव इंच जाडी नसेल तर तो चाकूच नाही. म्हणून ज्यांनी पुष्कळ चाकू वापरलेत त्यांनाच विचारतो: तुमच्याकडचे सगळे काढून घेतले आणि मोजकेच ठेवा म्हटलं, तर कोणते ठेवाल? आणि का? मला त्या 'का'मध्ये जास्त रस आहे.

ता. क. मी डावखुरा आहे. त्याने काही बिघडतं का?

डावरा_पॅटर्नवाला:

तुमच्या ताजा कलमापासून सुरुवात करतो, कारण त्या एका ओळीमुळेच लिहायला बसलोय. मीही डावखुरा. ३१ वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न कोरले. पॅटर्न म्हणजे लोखंडात जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडात करतात तो नमुना. आता निवृत्त आहे. चाकू साठेक आहेत. घरच्यांच्या मते त्यांतले एकोणसाठ जास्त.

डावखुरेपणाने बिघडतं, पण थोडंच. मिटणाऱ्या चाकूत नखाने उघडायची खाच पात्याच्या एकाच अंगाला असते, आणि ती उजव्यांच्या सोयीने. लायनर लॉक म्हणतात तो खटका, म्हणजे मुठीतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडकते तो, उजव्यांना अंगठ्याने सहज ढकलता येतो. आपण तर्जनी वाकडी करून कोपऱ्यात खुपसत बसायचं. मुठीच्या पाठीवर दाबायचा खटका असेल तर त्याला डावं-उजवं काही कळत नाही. म्यानातल्या चाकूत तर प्रश्नच नाही, फक्त म्यान पट्ट्याला डाव्या बाजूला नीट लटकतं का तेवढं बघा. चमचे कोरता म्हणालात, तर खळग्यासाठी वाकड्या पात्याची सुरी लागेल. तिथे मात्र सांभाळून. धार एकाच कडेला असलेल्या वाकड्या सुरीत डावी-उजवी वेगळी असते. मी पहिल्यांदा उजवी घेतली होती आणि दोन महिने समजत होतो की मलाच कोरता येत नाही.

आता मूळ मुद्दा. पोलादाचं नाव सगळ्यात शेवटी विचारा. धारेच्या लगेच मागे पातं किती पातळ आहे ते आधी बघा. खोटं वाटत असेल तर एक सफरचंद घ्या. पाव इंच जाडीच्या पात्याने कापा. धार अर्ध्यावर पोचते न पोचते तोच 'कट्' असा आवाज होतो आणि उरलेलं सफरचंद धारेच्या पुढेच उकलतं. ते कापलं गेलेलं नाही, पाचर ठोकल्यासारखं फुटलंय. फोडीवर हात फिरवा, खडबडीत लागेल. आता तेच ओपिनेलने कापा, म्हणजे पातळ पात्याच्या फ्रेंच चाकूने. आवाज नाही. चकती पात्याला चिकटून वर येते आणि तिच्यातून पलीकडचा दिवा दिसतो. दोन्ही चाकूंना धार मीच लावलेली, एकाच दगडावर, एकाच कोनात. धार किती दिवस टिकेल ते पोलाद ठरवतं. पातं आत कसं शिरेल ते त्याचा आकार ठरवतो. आणि माणूस दिवसभर अनुभवतो ते शिरणं.

तर खिशातला माझा पहिला: ओपिनेल नंबर ८. जोसेफ ओपिनेलने फ्रान्सच्या सावॉय भागात १८९० मध्ये हे चाकू करायला घेतले. पुढे १ ते १२ असे आकार झाले, त्यांतले १ आणि ११ नंतर बंद पडले. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा, आणि १९५५ पासून पातं अडकवायला मुठीच्या तोंडाशी फिरणारं कडं. त्यात लपवाछपवीला जागाच नाही. कडं कुठल्याही हाताने फिरतं. खाच उलट्या अंगाला असलेला डावखुऱ्यांचा आठ नंबरही मिळतो. माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि गंमत म्हणजे साधाच जास्त वापरला जातो. जन्मभर उजव्यांच्या वस्तू वापरून हाताला वाकडीच सवय लागलेली असते.

याचं एक लक्षण आधीच सांगून ठेवतो, नाहीतर घाबराल. लाकूड ओल पितं आणि फुगतं, मग मिटलेलं पातं खाचेत घट्ट बसतं. नखं तोडून घेऊ नका. कडं मोकळं करा, मुठीचं मागचं टोक टेबलावर टकटक आपटा, पातं आपोआप वर डोकावतं. सावॉयचा ठोका म्हणतात याला. पावसाळी हवेत माझा ओपिनेल दिवसाची सुरुवात असाच ठोका खाऊन करतो.

दुसरा: व्हिक्टोरिनॉक्स फार्मर. लाल मुठीचा सगळ्यांना ठाऊक असतो. हा चंदेरी, खवल्यांसारखी नक्षी उठवलेल्या ॲल्युमिनियम मुठीचा, ९३ मिलिमीटर लांबीचा. कार्ल एल्सेनरने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखला कार्यशाळा काढली, १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू दिले आणि १८९७ मध्ये तो प्रसिद्ध ऑफिसर चाकू नोंदवला. त्यातली खरी अक्कल कमानीत आहे. मुठीच्या पाठीतली एकच कमान दोन्ही अंगांची हत्यारं तोलून धरते, म्हणून इतक्या कमी जाडीत इतकं काही मावतं. फार्मर मी घेतला तो करवतीसाठी. तिच्या दातांना फाकणी दिलेली नाही, म्हणजे ते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले नाहीत. त्याऐवजी पातंच दातांकडून पाठीकडे पातळ होत गेलंय, म्हणून ओल्या फांदीतही अडकत नाही. पॅटर्नच्या कामात जन्म गेलेल्या माणसाला असली गोष्ट दिसली की उगाच बरं वाटतं.

तिसरा: एका हाताने उघडायचा असेल तर स्पायडरको डेलिका. पात्याला गोल भोक, त्यात अंगठा. हे भोक आणि खिशाला अडकवायची क्लिप त्यांनी १९८१ च्या 'वर्कर'मध्ये आणली. आज निम्मं जग त्या क्लिपची नक्कल करतं. डेलिकाची क्लिप चारही जागी लावता येते आणि खटका पाठीवर, म्हणजे आपल्यासाठी चोख.

बक ११० वापरायचा म्हणून ठेवणार नाही, पण द्यायलाही धजणार नाही. १९६० च्या दशकात आलेला, पितळी टोकांचा, दोनशे ग्रॅम वजनाचा. खिशात ठेवला की पँट एका बाजूला उतरते. उन्हाळ्यात हाताला पितळेचा वास लागतो आणि तो वास मला आमच्या शॉपमध्ये घेऊन जातो. याला तुमच्या 'का'चं उत्तर म्हणता येत नसेल, तर सोडून द्या.

म्यानातले दोन. कोरण्यासाठी मोरा १२०: सहा-एक सेंटिमीटरचं निमुळतं पातं, बर्चची मूठ, स्वीडन. धारेच्या वर एकच रुंद सपाट उतार असतो, तो लाकडावर टेकला की रंध्यासारखा मार्गावर राहतो. डोंगरासाठी फॉल्कनिव्हेन एफ१. हा १९९५ पासून स्वीडनच्या हवाई दलाच्या वैमानिकांचा चाकू. पातं ९७ मिलिमीटर आणि जाडी साडेचार, म्हणजे माझ्याच बोलण्याच्या उलट. पण याच्या पात्याच्या बाजू सपाट नाहीत, तांदळाच्या दाण्यासारख्या हलक्या फुगीर होत धारेला मिळतात. लाकूड फोडताना ते लाकूड पात्याला धरून बसत नाही. सफरचंद? फोडतो. कबूल.

खटक्याबद्दल एकच. बावीस वर्षांपूर्वी एका लायनर लॉकच्या चाकूने भोक मोठं करत होतो, टोक खुपसून फिरवत. पट्टी सटकली, पातं मिटलं ते तर्जनीवर. चाकू कुणाचा ते सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक माझी होती: मिटणाऱ्या चाकूच्या टोकाने असं काम करायचंच नसतं. तेव्हापासून खटका असलेला चाकूही मी बिनखटक्याचा समजूनच धरतो. बोट अजून थंडीत दुखतं.

पाव_इंच:

काका, तो तिसरा माणूस मीच असावा. :)

सफरचंद कापायला मी डोंगरात जात नाही. रात्री पाऊस, सगळी लाकडं भिजलेली, तेव्हा कोरडा गाभा काढायचा तर ओंडका उभा चिरायला लागतो. पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकायचं. तिथे तुमचं १२० नंबर बिचारं काय करणार? माझा जुना का-बार आहे, सात इंची. अमेरिकन मरीननी हा नमुना १९४२ मध्ये घेतला, आणि अजून तसाच बनतो. चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ, १०९५ जातीचं कार्बन पोलाद (साधं, पुसलं नाही तर गंजणारं). घामाने मूठ काळी झालीय, पण सैल झालेली नाही.

आणि नवख्यांना 'मुठीच्या शेवटापर्यंत अख्ख्या रुंदीचं पोलाद हवंच' असं जे पढवलं जातं, त्यावरही बोला जरा. का-बारच्या मुठीत शिरणारा दांडा बारीक असतो. दुसरं महायुद्ध त्याने काढलं.

डावरा_पॅटर्नवाला:

का-बारला नावं ठेवणारा मी नव्हे. माझ्याकडेही आहे. पण तो चारेक मिलिमीटरचा, पाव इंचाचा नाही, हे मोजून बघा. म्हणजे तुम्हीही मनातून माझ्याच पक्षात!

दांड्याबद्दल शंभर टक्के सहमत. मोऱ्याचाही दांडा बारीकच. तुटतो तो रुंदीमुळे नाही, दांडा जिथे पात्याला मिळतो तिथला कोपरा काटकोनात तीक्ष्ण ठेवला तर. ओतीव भागातही चीर तिथूनच सुरू होते, म्हणून आम्ही पॅटर्नच्या प्रत्येक आतल्या कोपऱ्यात गोलाई द्यायचो. त्यासाठी मेणाची, चामड्याची पट्टी बसवायचो. विषय भरकटला.

ओंडका चिरायचा असेल तर एक लहानशी कुऱ्हाड घ्या. वजन तेवढंच, काम दसपट.

रानफूल:

काकांच्या यादीला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. विचारणारे चमचे कोरतात. त्यांना खिशातल्यापेक्षा म्यानातला आधी हवा. मी नऊ वर्षं कोरतेय आणि मिटणाऱ्या चाकूने चमचा कोरायचा हट्ट धरणाऱ्यांचे अंगठे बघितलेत. ओपिनेलची गोल मूठ अर्धा तास बरी वाटते. नंतर घामटलेल्या हातात ती हळूच फिरते आणि ते फिरणं कळत नाही. कोरायच्या सुरीची मूठ लंबगोल असते ती म्हणूनच. डोळे मिटूनही धार कुठे तोंड करून आहे ते तळहाताला कळतं.

दुसरं, पातं लांब घेऊ नका. सहा-सात सेंटिमीटर पुरे. लांब पात्याचं टोक, तुमचं लक्ष धारेकडे असताना, तिकडे दुसरंच काहीतरी करत असतं. माझं टोक एकदा मांडीत होतं. कोपर मांडीवर टेकून, चाकू गुडघ्यांच्या पुढे ठेवून कोरा. दोन मांड्यांच्या मधल्या जागेत पातं कधीच न्यायचं नाही. तिथून रक्ताची मोठी नस जाते आणि मदत येईपर्यंत वेळ नसतो.

आणि ज्या हातात लाकूड, त्या हाताच्या अंगठ्याने पात्याची पाठ ढकला. चाकूचा हात फक्त दिशा देतो. एवढं जमलं की निम्मे अपघात कमी होतात. दर पंधरा मिनिटांनी चामड्याच्या पट्ट्यावर दहा हात. बोथट होऊ द्यायचीच नाही, मग दगड महिनोन्महिने लागत नाही.

(सफरचंदाचा प्रयोग आत्ताच केला. 'कट्' झालं. घरातले विचारतात काय चाललंय.)

कोरा_कागद:

सगळ्यांचे मनापासून आभार. रानफूल ताई, मांडीचं वाचून कोरायची खुर्चीच बदलली.

पण पोलादाचं कोडं तेवढं सोडवा ना. शेवटी विचारा म्हणालात, तर आता शेवटी विचारतो. डी२ मध्ये १२ टक्के क्रोमियम असूनही ते गंजतं म्हणतात, आणि मॅग्नाकटमध्ये त्याहून कमी असून गंजत नाही. हे कसं?

डावरा_पॅटर्नवाला:

छान पकडलंत. हेच जर लोकांनी समजून घेतलं तर पोलादावरची निम्मी भांडणं मिटतील.

गंजापासून वाचवतं ते पोलादात विरघळून मोकळं असलेलं क्रोमियम. ते पृष्ठभागावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा धरतं. पण क्रोमियमला कार्बन फार आवडतो. पोलादात कार्बन भरपूर असला की दोघं मिळून कार्बाइडचे कठीण खडे बनवतात, आणि खड्यात अडकलेलं क्रोमियम पापुद्र्याच्या कामाला येत नाही. डी२ मध्ये कार्बन दीड टक्का. १२ टक्क्यांतलं बरंचसं क्रोमियम त्या खड्यांत जाऊन बसतं. खडे मोठाले असल्याने धार टिकते खरी, पण पातळ केलेल्या धारेतून तेच खडे निसटतात आणि दाते पडतात.

मॅग्नाकट लॅरिन थॉमस या धातुतज्ज्ञाने आखलं, बाजारात आलं २०२१ मध्ये. त्यात क्रोमियम १०.७ टक्केच, पण प्रमाणं अशी जुळवली की क्रोमियमचे खडे शिल्लकच राहू नयेत. कठीण खडे हवेत ते व्हॅनेडियम आणि नायोबियमचे, बारीक. त्यामुळे क्रोमियम जवळजवळ सगळं मोकळं. कागदावरची टक्केवारी वाचून पोलाद कळत नाही ते यामुळे.

व्हॅनेडियमचे खडे मात्र साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण. एस३०व्ही, मॅग्नाकट वगैरे घेतलंत तर हिऱ्याची पट्टी ठेवा, नाहीतर दगड झिजेल, धार हसत बसेल.

आणि या सगळ्याच्या वर आहे पाणी देणं. तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून पोलाद कडक आणि तरीही चिवट ठेवायचं. यात हात बसलेला माणूस साध्या पोलादाचं सोनं करतो. बकच्या चाकूंतलं ४२०एचसी कागदावर अगदी बेतास बात, पण पॉल बॉस या माणसाने त्याला पाणी द्यायची जी रीत बसवली, तिच्यामुळे जाणकारही त्याचं नाव आदराने घेतात. तेव्हा नाव महाग आणि पाणी कच्चं, यापेक्षा नाव साधं आणि पाणी पक्कं असलेलं घ्या.

तुमच्या कामाला? कार्बन पोलाद घ्या. दगडावर लोण्यासारखं उतरतं, शिकायला सोपं. बदल्यात पुसून ठेवायची शिस्त मागतं.

कोरा_कागद (पाच आठवड्यांनी):

अहवाल देतो. मोरा १२० आणि ओपिनेल ८, दोन्ही कार्बनचे घेतले. अडचणी तीन.

एक: ओपिनेलने सफरचंद कापलं (अर्थातच), पुसायला विसरलो. सकाळी पात्यावर निळसर-काळे ढग. गंज आहे का? रडकुंडीला आलो.

दोन: ओल्या ओकच्या तुकड्यावर मोऱ्याने काम केलं तर लाकडावरच काळे डाग पडले. सुरी स्वच्छ होती, शपथ.

तीन: धार. हजार नंबरच्या दगडावर दोन तास घासलं. आधी कागद कापत होता, आता कागद फाडतोय. म्हणजे दोन तास घालवून मी चाकू बोथट केला.

डावरा_पॅटर्नवाला:

रडू नका. पहिलं तर अभिनंदन करण्यासारखं आहे. फळातल्या आंबटपणाने लोखंडावर निळा-काळा थर धरलाय; तो घट्ट बसतो आणि खालच्या पोलादाला थोडंफार सांभाळतो. नारिंगी, बोटाला पूड लागणारा असेल तो गंज. तो तेलाचा थेंब टाकून घासून काढा. ढग राहू द्या. माझ्या ओपिनेलवर आता इतके थर आहेत की मूळचा रंग आठवत नाही. जुन्या नकाशासारखा दिसतो.

दुसरं सुरीमुळेच, पण सुरीचा दोष नाही. ओकमध्ये टॅनिन भरपूर. टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आले की शाई तयार होते, आणि ही उपमा म्हणून सांगत नाही. शतकानुशतकं दस्तऐवज अशाच शाईने लिहिले गेले. लाकूड वाळवून शेवटचा हात फिरवा, वरचा पापुद्रा गेला की डाग जाईल.

तिसऱ्याला जरा वेळ देऊ. दोन तास घासलंत म्हणता, पण कुठे घासलंत? कागदावर लिहायचा जाड मार्कर घ्या, पात्याच्या धारेलगत दोन्ही बाजूंनी काळं करा. दगडावर चारच हात मारा आणि दिव्याखाली बघा. शाई धारेपाशी तशीच आहे आणि वरच्या बाजूला निघालीय? मग तुम्ही पातं फार आडवं धरता, दगड धारेला लागतच नाही. शाई फक्त अगदी कडेला निघालीय? मग फार उभं धरता. कोन बसवायचा तर पातं दगडावर उभं धरा, ते ९० अंश. निम्मं खाली आणा, ४५. पुन्हा निम्मं, साडेबावीस. त्याहून किंचित खाली, ओपिनेलसाठी तेवढं ठीक. मोऱ्याला हे काही करू नका. तो रुंद उतार दगडावर सपाट टेकवा, कोन त्यानेच ठरवलाय.

मग एकाच बाजूने घासत राहा, पलीकडे बर येईपर्यंत. बर म्हणजे मशिनवर भाग कापल्यावर कडेला राहतं ते कुसळ, तेच. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेवरून बाहेर असा हलका ओढा. धारेच्या लांबीने कधीच नाही! बोटाच्या ठशाला काहीतरी बारीक अडकल्यासारखं लागेल. ते टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीलगतच्या भागापासून, टोकापर्यंत सलग लागलं पाहिजे. मधे एक सेंटिमीटर जरी नसेल तर तिथे अजून धार पोचलेली नाही. सलग आलं की बाजू बदला. पुन्हा बर आली की जोर कमी करत एक हात इकडे, एक हात तिकडे, शेवटी फक्त पात्याच्या स्वतःच्या वजनाने.

तुमचा कागद फाटतोय तो बहुतेक त्या बरमुळे. ती लोंबतेय, तिलाच तुम्ही धार समजताय. चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढा, धार मागे, पाठ पुढे. पट्टा नसेल तर जुना कमरेचा पट्टा फळीवर चिकटवा, खरखरीत बाजू वर. वीस-तीस हात. मग दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धरा. चांगली धार दिसत नाही. कुठे चमकती रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथे अजून सपाट आहे, म्हणजे बोथट.

रानफूल:

मार्करचं मलाही कुणी सांगितलं असतं तर पहिली दोन वर्षं वाचली असती. एकच भर: शिकताना नाजूक हात ठेवा. जोर लावला की पातं डुलतं आणि कोन गोल होतो. मी श्वास सोडताना पुढे, घेताना मागे, असं करते. हसू नका, चालतं.

पाव_इंच:

काल कुऱ्हाड घेतली. काकांना सांगू नका.

कोरा_कागद:

मार्करने पितळ उघडं पाडलं: मी धारेला स्पर्शही करत नव्हतो, पाठीकडच्या भागाला दोन तास पॉलिश करत बसलो होतो. आज चाळीस मिनिटांत बर सापडली. ते अडकणं बोटाला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा एकटाच ओरडलो. कागद आता सरळ कापला जातो, आवाजही बदललाय, फर्र ऐवजी सुळ्ळ.

फक्त मुठीलगतचा बोटभर भाग अजून अडखळतो. दिव्याखाली तिथे रेघ चमकते. कितीही घासलं तरी जात नाही.

डावरा_पॅटर्नवाला:

दगड टेबलाच्या मधोमध ठेवलाय ना? मूठ टेबलाला टेकत असेल, म्हणून टाच दगडापर्यंत पोचतच नाही. दगड टेबलाच्या काठावर आणा, तुमच्या डाव्या बाजूला, म्हणजे मुठीला खाली उतरायला मोकळी जागा मिळेल. खाली ओलं फडकं घाला, सरकणार नाही.

आणि तो फसलेला पक्षी दाखवा एकदा.